सोंग, सोंगाड्या आणि एकट्याचा खेळ

नाशिक जिल्ह्यातील हरसूल आणि त्याच्या आसपासचा पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हार हा डोंगराळ टापू बोहाड्याचा टापू म्हणून लोकसाहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. होळी उलटून गेल्यावर, शेतीची कामे थंडावलेली असताना, येथील गावे रात्री जागवितात. संबळ आणि सनई वाजू लागते व एकामागून एक सोंगे निघतात. आरंभी गणपती आणि शारदा, पुढे मारुती, रावण, त्राटिका, भीम, बकासुर आणि अखेरीस देवी व महिषासुर. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, पुढे कागदाच्या लगद्याचे होऊ लागले. बऱ्याच गावांत विशिष्ट सोंगाचा मान विशिष्ट घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. सोंग घेणे ही तेथे करमणूक असली तरी केवळ करमणूक नाही. ती देवीची सेवा आहे आणि घराण्याचा हक्कही आहे.

प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ह्या उत्सवातील एक साधी गोष्ट महत्त्वाची आहे. रात्री राक्षसाचे सोंग नाचविणाऱ्या माणसाला सकाळी कोणी राक्षस म्हणत नाही. त्राटिकेचे सोंग घेणाऱ्या पुरुषाची कोणी थट्टा करीत नाही. सोंगाने जे केले ते सोंगाचे. माणूस त्यातून मोकळा असतो. मुखवटा चेहरा झाकतो, तसाच माणसाचा लौकिकही झाकतो. शिवाय बहुतेक सोंगे बोलत नाहीत, नाचतात. बोलण्याची जबाबदारी येथे उद्भवतच नाही.

ह्याच 'सोंग' शब्दापासून मराठीत 'सोंगाड्या' हा शब्द सिद्ध झाला आहे. परंतु तमाशाच्या फडात जो सोंगाड्या उभा राहतो त्याच्या तोंडावर मुखवटा नसतो, आणि तो नाचण्यापेक्षा बोलतो अधिक. त्याच्यापासून पुढे लोकनाट्यातील विनोदी नट, एकपात्री प्रयोग करणारा बहुरूपी आणि आज ज्याला 'स्टँड-अप कॉमेडी' म्हणतात त्या प्रकारात हाती ध्वनिक्षेपक घेऊन स्वतःच्या नावाने बोलणारा तरुण, अशी एक परंपरा महाराष्ट्रापुरती तरी दाखविता येते. तिचा इतिहास सामान्यतः विनोदाच्या अभिरुचीचा इतिहास म्हणून लिहिला जातो : ग्राम्याकडून सभ्याकडे, किंवा कोणाच्या मते ह्याच्या उलट. आमच्या मते तो निराळ्या प्रश्नाच्या आधारे पाहिला पाहिजे. बोललेला शब्द कोणाच्या नावावर जमा करावयाचा, सोंगाच्या की माणसाच्या? मराठी विनोदी रंगकर्मीची उपजीविका आणि त्याची लोकांतील प्रतिमा ह्या दोन्ही गोष्टी ह्या एका प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे बदलत गेल्या आहेत.

तमाशाचे घटक सर्वपरिचित आहेत : गण, गवळण, बतावणी आणि वग. सोंगाड्या गवळणीत पेंद्या होऊन येतो, मावशीशी हुज्जत घालतो, आणि वगात बहुधा राजाचा हुजऱ्या, शिपाई अथवा हवालदार असतो. त्याचे खरे राज्य मात्र बतावणीत. वगाला कथा असते, गवळणीला ठरलेली पदे असतात. बतावणीला त्या गावची, त्या रात्रीची हवा असते. गावात कोणाचे भांडण चालले आहे, पाटलाची बैलजोडी कशी आहे, पुढच्या रांगेत कोण बसले आहे, हे हेरून त्यावर तत्क्षणी बोलणे हे सोंगाड्याचे भांडवल. हे शिक्षण कोणत्याही पुस्तकात नव्हते. पोरवयात फडात यावयाचे, सामान वाहावयाचे, तुणतुणे धरून मागे झील ओढावयाची, जुन्या सोंगाड्याचे बोल कानात साठवावयाचे आणि एखाद्या रात्री तो आजारी पडला म्हणजे पुढे व्हावयाचे, असा हा क्रम. नारायणगावला चैत्रात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रांचे पुढारी तेथे येऊन सुपारी देतात. त्या व्यवहारात फडातील नाचीच्या खालोखाल विचारणा होते ती सोंगाड्याची. म्हणजे बाजारात त्याचे मोल होते. समाजात मात्र नव्हते.

ह्याचे कारण उघड आहे. तमाशाचे फड प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी ह्या जातींचे होते. त्यांतील सोंगाड्याला राजाची टर उडविण्याची मुभा होती. परंतु ती मुभा बोर्डावर चढल्यापासून उतरेपर्यंतची होती. गावच्या पाटलाला सर्वांसमक्ष हसविणारा माणूस सकाळी त्याच पाटलाच्या वाड्याबाहेर उभा राहत असे. बोहाड्यातील सोंगाप्रमाणे येथेही माणूस आणि सोंग ह्यांची ताटातूट होती खरी, पण तिची दिशा उलटी होती. हरसूलला सोंग उतरल्यावर माणसाला आपला मान परत मिळतो; सोंगाड्याला सोंग उतरल्यावर आपली जात परत मिळत असे. 'तमासगीर' हा शब्द पांढरपेशा घरांत शिवीसारखा वापरला जात होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. हा कलंक संसर्गजन्यही होता. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ह्या नावाचा ब्राह्मण तमाशात शिरून पठ्ठे बापूराव झाला तेव्हा त्याची जात त्याला वाचवू शकली नाही. आपल्या लावण्यांनी महाराष्ट्र गाजविणाऱ्या ह्या कवीचा १९४५ मध्ये अंत झाला तो हलाखीत.

ह्या व्यवस्थेला आतून दिलेले एक उत्तर नाशिक जिल्ह्यातूनच आले, आणि त्याची नोंद विनोदाच्या इतिहासात क्वचितच होते. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यानंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. तमाशाचा साचा त्यांनी ठेवला, पण शृंगार आणि नाची काढून टाकली. सोंगाड्या मात्र काढला नाही. काढणे शक्यही नव्हते, कारण रूढीचा कैवार घेणारे प्रश्न कोणी तरी विचारावयास हवे होते आणि त्या प्रश्नांचे हसे व्हावयास हवे होते. ह्या जलशांत प्रथमच असे घडले की विनोद करणाऱ्याचे मत आणि त्याचे सोंग ह्यांतील अंतर श्रोत्यांना स्पष्ट दिसत होते. तो अडाण्याचे सोंग घेई, पण तो स्वतः कोणत्या पक्षाचा आहे ह्याविषयी संशय नसे. ह्या रंगकर्मींना मिळालेला मान चळवळीचा होता. तो उपजीविकेला पुरत नसे, ही त्याची दुसरी बाजू.

ह्यानंतरचा टप्पा सरकारी आहे. चाळीसच्या दशकात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली, आणि पुढे दत्तो वामन पोतदार ह्यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा आणि प्रयोगाच्या संहिता आधी तपासणारे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ १९५४ चे. ह्या सर्वांचा हेतू शुद्ध होता की नव्हता, हा वाद येथे नको. परिणाम असा झाला की बोलावयाचे ते आधी लिहून देणे आवश्यक ठरले. वगाच्या बाबतीत हे जमण्यासारखे होते. बतावणीच्या बाबतीत ते जवळजवळ अर्थशून्य होते, कारण शिक्का बसत असे तो कागदावर आणि बतावणी जन्मत असे त्या रात्री. तरीही एक दूरगामी बदल घडला. पूर्वी बोल फडाचे होते. आता त्यांना लेखक लागला. ज्याच्यापाशी लेखक होता तो प्रतिष्ठित झाला. ज्याच्यापाशी केवळ जीभ होती तो संशयित राहिला.

येथे एका गमतीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. दारोदार फिरणारा बहुरूपी सर्वाधिक वेळा ज्या वेषात येतो तो फौजदाराचा. कवलापूरच्या खाडे बंधूंचे प्रसिद्ध सोंग हवालदारांचे. 'विच्छा माझी पुरी करा' मध्ये दादा कोंडके गाजले तेही हवालदार म्हणूनच. ज्या खात्याच्या अधिनियमाखाली प्रयोगाचा परवाना मिळावयाचा, त्याच खात्याचा गणवेश मराठी विनोदाने आपला आवडता मुखवटा केला. हा योगायोग नसावा. खेड्यातील माणसाला रोज भेटणारी सत्ता हीच. आणि सत्तेचा वेष चढविलेल्या माणसाला हसता येते, वेष नसलेल्या माणसाने सत्तेला हसणे ही निराळी गोष्ट होते.

खाडे बंधूंचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे लहू आणि अंकुश संभाजी खाडे हे जुळे भाऊ, दिसण्यात हुबेहूब. 'जहरी प्याला' ह्या वगात त्यांनी काळू आणि बाळू ह्या दोन हवालदारांची सोंगे घेतली आणि ती इतकी गाजली की भावांची मूळ नावे मागे पडली. फड काळू-बाळूंचा, जाहिरात काळू-बाळूंची, आणि लोक भेटावयास येत तेही काळू-बाळूंना. रंगकर्मीच्या दृष्टीने हे यशाचे शिखर आहे. परंतु ह्यात काय घडले ते पाहावे. सोंग माणसावरून उतरलेच नाही. बोहाड्यात सोंग रात्रीपुरते माणसाला व्यापते. येथे त्याने माणसाचे नाव कायमचे घेतले. जनतेचे प्रेम कलावंताला मिळते असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते त्याच्या सोंगालाच मिळते, आणि कलावंताला त्या सोंगाचा रखवालदार होऊन राहावे लागते.

दादा कोंडके ह्यांनी हीच गोष्ट जाणूनबुजून केली. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेल्या ह्या नटाला वसंत सबनिसांची संहिता १९६५ मध्ये मिळाली. 'विच्छा'चे यश हे लेखक आणि सोंगाड्या ह्यांच्या दुर्मिळ युतीचे यश होते : परवान्यासाठी सबनिसांचा कागद, आणि कागदाच्या फटींतून दादांची जीभ. त्या त्या दिवशीच्या बातमीवर बोलण्याची बतावणीची रीत दादांनी नाट्यगृहात आणली आणि शहरी प्रेक्षकाने ती डोक्यावर घेतली. तमाशाच्या तंबूत न जाणारा हा प्रेक्षक तिकीट काढून तेच ऐकावयास आला, कारण आता त्याचे नाव 'लोकनाट्य' होते. नामांतराने प्रतिष्ठा मिळते ह्याचे इतके चोख उदाहरण सापडणे कठीण.

१९७१ मध्ये पडद्यावर आलेला 'सोंगाड्या' हा चित्रपट ह्या लेखाच्या विषयावरच बेतलेला आहे असे म्हटले तरी चालेल. भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि त्याची आई त्याला घराबाहेर काढते. प्रेक्षक पोट धरून हसत होता. हसताना तो आपलाच पूर्वग्रह पाहत होता. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात त्याला जागा मिळावी म्हणून शिवसेनेचे बाळासाहेब ठाकरे ह्यांनी हस्तक्षेप केला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती पुढे पुन्हा लागेल म्हणून येथे नोंदवून ठेवतो. ह्यानंतर दादांनी चित्रपटामागून चित्रपट त्याच एका सोंगावर उभे केले, रौप्यमहोत्सवांची रांग लावली आणि द्व्यर्थी संवादांसाठी समीक्षकांचे शिव्याशापही घेतले. दोन्ही गोष्टी त्या सोंगाच्या खात्यावर पडल्या. ही ढाल त्यांना आयुष्यभर पुरली.

पु. ल. देशपांडे ह्यांनी घेतलेला मार्ग अगदी निराळा होता आणि माझ्या मते तोच मराठीतील निर्णायक मार्ग ठरला. 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ चे. १९६१ मध्ये त्यांनी ते एकट्याने रंगमंचावर उभे केले. वेषांतराचा फारसा आधार न घेता, आवाज आणि अंगविक्षेप ह्यांच्या बळावर संपूर्ण चाळ त्यांनी प्रेक्षकांसमोर वसविली. तोपर्यंत ते आकाशवाणी, संगीत, चित्रपट, नाटक ह्या सर्व क्षेत्रांत वावरून आले होते. १९५३ च्या 'गुळाचा गणपती' चित्रपटात त्यांनी लेखनापासून अभिनयापर्यंत बहुतेक सर्व कामे स्वतःच केली होती. परंतु एकपात्री प्रयोगाला जी प्रतिष्ठा लाभली तिचे मूळ कौशल्यापेक्षा ह्या गोष्टीत आहे की येथे लेखक आणि बोलणारा एकच होता, आणि तो आधी लेखक म्हणून मान्य झालेला होता. सोंगाड्याच्या विनोदावर जी शंका घेतली जात असे, तिला पुस्तकाच्या मुखपृष्ठाने आधीच उत्तर दिले होते. चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी' ह्या आत्मचरित्राने १९५७ मध्ये तो शब्द साहित्याच्या दालनात आणलाच होता. दारात येऊन शिधा मागणाऱ्या बहुरूप्याचे नाव आता नाट्यगृहाच्या फलकावर शोभू लागले. प्रयोगांच्या उत्पन्नातून पु. लं.नी प्रतिष्ठान उभारले आणि दानाचा जो ओघ सुरू केला, त्याने विनोदी कलावंताची आर्थिक प्रतिमाही बदलली. बिदागी घेणारा देणारा झाला.

पण चाळीतील माणसांची सोंगे बाजूला ठेवून पु. ल. स्वतःच्या नावाने बोलले तेव्हा काय घडले? १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी आणीबाणीविरुद्ध जाहीर भाषणे केली, आणि प्रतिपक्षाने त्यांची 'विदूषक' म्हणून संभावना केली. १९९६ मध्ये त्यांना राज्याचा पहिला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. त्या निमित्ताने त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या दंडेलीच्या भाषेविषयी नापसंती दर्शविली, तेव्हा बाळासाहेब ठाकरे ह्यांनी त्यांचा जाहीरपणे कडक शब्दांत समाचार घेतला. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी सोंगाड्याला पडदा मिळवून दिला होता, त्यांनाच ह्या वेळी सोंगाविना बोललेला शब्द सोसला नाही. व्यक्तींचे गुणदोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. सोंगाला दिलेली सवलत माणसाला दिली जात नाही, ही रीत दोन्ही प्रसंगांत एकसारखी दिसते, एवढेच दाखवावयाचे आहे. महाराष्ट्राने पु. लं.वर केले तितके प्रेम क्वचितच कोणा विनोदकारावर केले असेल, आणि तरीही ही मर्यादा त्यांना चुकली नाही.

दरम्यान माडगूळकर, शंकर पाटील, मिरासदार ह्यांच्या कथाकथनाने एकट्या माणसाचे बोलणे ऐकावयास तिकीट काढण्याची सवय वाढविली. विद्यापीठीय वाचकांना जवळचे वाटेल असे उदाहरण मात्र डॉ. लक्ष्मण देशपांडे ह्यांचे. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे ते प्राध्यापक. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ह्या प्रयोगात ते एकटे बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करीत. त्यांनी मराठवाडी बोलीला सोंग केले. एरवी जी बोली पुण्या-मुंबईत हसण्याचा विषय होत होती ती त्यांच्या तोंडी हसविण्याचे साधन झाली. बोलीला हसणे आणि बोलीसह हसणे ह्यांतील सीमारेषा त्यांच्या प्रयोगात काही वेळा पुसट होते, असे मला वाटते. परंतु प्राध्यापकाचे पद मागे असल्यामुळे त्यांच्यावर ग्राम्यतेचा आरोप सहसा झाला नाही. तेच बोल तंबूत कोणी सोंगाड्याने काढले असते तर?

दूरचित्रवाणीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. २००५ मध्ये हिंगणघाटचे सुनील पाल हिंदी वाहिनीवरील विनोदस्पर्धेत पहिले आले, ते प्रामुख्याने रतन नूरा नावाच्या मद्यप्याच्या सोंगावर. 'फू बाई फू', २०१४ मधील 'चला हवा येऊ द्या', २०१८ मधील 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' ह्या कार्यक्रमांनी प्रहसनाला घरोघर नेले आणि तालुक्याच्या गावांतील नटांना उत्पन्नाचे स्थिर साधन दिले. ह्या सर्वांत सोंग शाबूत होते.

ते गळाले स्टँड-अपमध्ये. येथे वेष नाही, पात्र नाही, बहुधा कथाही नाही. कलावंत स्वतःच्या नावाने येतो आणि स्वतःचे घर, जात, लग्न, शहर, सरकार ह्यांविषयी बोलतो. मराठीत 'भाडिपा' ह्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या मंडळीने ह्या प्रकाराला व्यासपीठ दिले. उमेदवारीची रीत पाहिली तर ती फडाच्या रीतीपासून फार दूर नाही. 'ओपन माइक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुल्या कार्यक्रमांत पाच-पाच मिनिटे उभे राहावयाचे, पडलेला विनोद टाकावयाचा, उभा राहिलेला घासावयाचा, आणि अनेक महिन्यांच्या अशा मेहनतीनंतर तासाभराचा प्रयोग जुळवावयाचा. फरक दोन ठिकाणी आहे. पहिला हा की 'मी' म्हणून सांगितलेली गोष्टही पुष्कळदा रचलेलीच असते, पण ती रचलेली आहे ह्याची कोणतीही दृश्य खूण श्रोत्यांसमोर नसते. दुसरा फरक कॅमेऱ्याचा. बतावणी त्या गावाची आणि त्या रात्रीची होती; सकाळी ती हवेत विरलेली असे. आता तिची ध्वनिचित्रफीत निघते आणि ज्यांनी तिकीट काढले नाही, ज्यांना त्या खोलीतील हवा ठाऊक नाही, अशा लाखो लोकांपुढे जाते. परिनिरीक्षण मंडळ आधी कागद तपासत होते. आता तपासणी प्रयोगानंतर होते, आणि ती कोणीही करू शकतो.

ह्याचा अनुभव लवकरच आला. २०१४ च्या डिसेंबरात मुंबईत वरळीला 'एआयबी' ह्या मंडळीचा कार्यक्रम झाला. प्रेक्षागारातील लोक हसून घरी गेले. पुढच्या महिन्यात ध्वनिचित्रफीत प्रसृत झाल्यावर मात्र फौजदारी तक्रारी झाल्या आणि ती फीत मागे घ्यावी लागली. २०२१ च्या पहिल्याच दिवशी मुनव्वर फारुकी ह्यांना इंदूर येथे अटक झाली. त्यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळेपर्यंत महिना उलटून गेला होता, आणि त्या रात्री ते प्रत्यक्ष काय बोलले ह्यापेक्षा ते काय बोलतात अशी त्यांची ख्याती होती, ह्यावरच अधिक चर्चा झाली. काळू-बाळूंच्या बाबतीत सोंगाने नाव गिळले होते. येथे नावानेच सोंगाचे काम केले.

२०२५ च्या मार्च महिन्यातील मुंबईची घटना ताजी आहे. कुणाल कामरा ह्यांनी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांच्यावर, नाव न घेता, केलेले विडंबनगीत २३ मार्च रोजी प्रसृत झाले. ज्या प्रयोगस्थळी त्याचे चित्रण झाले होते त्या खार येथील 'हॅबिटॅट'ची शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसे तेथील बांधकामावर कारवाई करण्यास आली. चालकांनी प्रयोगस्थळ बंद ठेवत असल्याचे जाहीर केले. बोलणारा तेथे नव्हता. त्याचे शब्दही त्या भिंतींत उरले नव्हते. ते फितीतून सर्वत्र पोचले होते. हाताशी सापडली ती भाड्याने मिळणारी एक खोली, जिथे इतर वारी दुसरीच मुले आपली पाच मिनिटे घासत होती. हरसूलला ज्या जागेत सोंगे नाचतात ती जागा गावाची असते आणि संबळवाल्यापासून मुखवटा सांभाळणाऱ्या घराण्यापर्यंत सर्वांचा तिच्यावर हक्क असतो. खारच्या त्या खोलीवर असा हक्क सांगणारे, तिकीट काढून तेथे हसून गेलेले, त्या दिवशी कोणी पुढे आले नाही.